भासऱ्यांचा लोडर

आमच्या यार्डात लोडर मागं येऊन राहिला की ज्यानं त्यानं आपला जीव घेऊन बाजूला पळायचं, हा नियम कुठं लिहिलेला न्हाई, पण सगळे पाळतात. माझी पंचाईत एवढीच होती की त्या लोडरवर माझे भासरे बसायचे. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांनी माझ्याकडं बघायचं न्हाई, मी त्यांच्याकडं बघायचं न्हाई, नि दोघांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा न्हाई, हा नियमबी कुठं लिहिलेला न्हाई. तोबी सगळे पाळतात. आता तुमीच सांगा, एवढं मोठं धूड चालवणारा माणूस मागं बघत न्हाई, काहून तर मागं भावजय काम करते. नि मागची भावजय ओरडत न्हाई, काहून तर पुढं भासरे बसलेत. अशा ठिकाणी मी धडधाकट राहिले, ही माझ्या मायची पुण्याई म्हणायची.

यार्ड म्हणजे काय ते आधी सांगते. हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडं निघालं की वस्ती संपल्यावर पत्र्याचं उंच कंपाउंड लागतं. आत गावोगावचं भंगार येतं. पुठ्ठा, बाटल्या, फाटक्या ताडपत्र्या, लग्नातले प्लास्टिकचे ग्लास, पडलेल्या उमेदवारांचे बोर्ड. निवडून आलेल्यांचे बोर्ड जरा उशिरा येतात. आमी बाया खाली बसून हे सगळं निवडतो. मंग ते प्रेसमध्ये दाबून, तारेनं आवळून त्याचे चौकोनी गठ्ठे होतात. एकेक गठ्ठा बैलाएवढा. भासरे ते गठ्ठे लोडरच्या दोन लोखंडी दातांवर उचलून एकावर एक रचतात, त्याला थप्पी म्हणतात. माझा नवरा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल हाय, तिथं हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते. तो म्हणतो, फरक एवढाच की हळदीची थप्पी अंगावर पडली तर माणूस पिवळा होऊन मरतो.

आमचं गाव पुसेगावच्या अलीकडं. भासरे गावात ट्रॅक्टर चालवायचे, मंग एका ठेकेदाराकडं मशीन शिकले नि इथं लागले. त्यांनी जाऊबाईंना आणलं, जाऊबाईंनी मला आणलं. शहरात आलो, खोल्या भाड्याच्या झाल्या, मोबाईल आले, पण रीत काही गावी राहिली न्हाई, ती टेम्पोत सामानाबरोबर बसून आली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला पोरंबाळं झाली, पण माझी नि भासऱ्यांची ओळख पायांची. समोरून येऊन राहिले की मी पदर ओढून मान खाली घालणार, मंग दिसणार काय? पाय. उजव्या टाचेला भेग, डाव्या अंगठ्याचं नख काळं. हजार माणसांच्या पायांतून मी ते पाय काढून दाखवीन. चेहरा विचाराल तर मला लग्नाच्या फोटोत बघावा लागेल, नि त्या फोटोत त्यांच्या तोंडासमोर कुणाचा तरी हात आलाय.

तेबी रीतीला पक्के. घरात यायचं तर उंबऱ्याबाहेर थांबून दोनदा खाकरायचे. पहिल्या खाकरण्याला आमी पदर घ्यायचो, दुसऱ्याला मी आतल्या खोलीत जायची. मंग ते पाऊल टाकायचे. इतकी वर्षं, कधी चूक न्हाई. ताप असू दे, घाई असू दे, बाहेर पाऊस असू दे, माणूस उंबऱ्याशी थांबून खाकरणार म्हणजे खाकरणार.

जाऊबाई यार्डात होत्या तवर माझं बरं चाललं होतं. त्या माझ्या शेजारी बसायच्या. लोडर मागं येऊन राहिला की मी हळूच म्हणायची, “बाई, मशीन आली.” लगेच जाऊबाई तोंड वर करून आरोळी ठोकायच्या, “अवो, ऐकलं का! मागं धाकली हाय!” आवाज असा की रस्त्यावरची एसटी थांबावी. भासरे ब्रेक दाबायचे नि तिकडं तोंड करूनच म्हणायचे, “तिला म्हणावं बाजूला हो.” जाऊबाई मला म्हणायच्या, “बाजूला हो म्हणून राहिले.” मी हातभर अंतरावर बसून सगळं ऐकलेलं असायचं, तरीबी जाऊबाईंनी सांगितल्यावरच उठायची. निरोपाला जरा वेळ लागायचा, पण जीव वाचायचा.

मंग जाऊबाईंचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणला, खाली बसायचं बंद. त्या घरी बसल्या, नि यार्डातली सगळी सुरक्षा त्यांच्यासोबत घरी गेली.

मी निवडायला बसायची ती दोन थप्प्यांच्या मधल्या बोळीच्या टोकाला, नि लोडर रिकामा होऊन मागं यायचा तो त्याच बोळीतून. भासऱ्यांची मान समोर, वाशिमच्या रस्त्याकडं. माझी मान जमिनीकडं. मधे ते धूड. लोडरला बाजूचा आरसा होता, पण त्यात मी दिसते म्हणून त्यांनी तो फिरवून वर केलेला. त्या आरशात फक्त आभाळ दिसायचं. ढग बघायचे असतील तर उत्तम सोय. मी कान टवकारून बसायची नि चाकांची खरखर जवळ आली की बाटल्यांची पाटी तिथंच टाकून उठायची. रोज मनात यायचं, घरात दोन पावलं टाकायची तर दोनदा खाकरणारा हा माणूस, इथं टनावारी लोखंड घेऊन अंगावर येतो नि तोंडातून आवाज न्हाई! मला लई राग यायचा. नवऱ्याला म्हणले, “एक दिवस तुमचे भाऊ मला चिरडणार नि तेराव्याला वर मान करून रडणारबी न्हाईत.” नवरा म्हणला, “असं अभद्र बोलू नये.” म्हणजे चिरडणं चालंल, बोलणं चालणार न्हाई.

तुमी म्हणाल, अशा मशिनीला मागं जाताना वाजणारा हॉर्न असतो. असतो की! आमच्याबी लोडरला होता. रिव्हर्स टाकला की पीं पीं पीं वाजायचा. पण शेठ ऑफिसात फोनवर भाव करायचे नि तिकडचा दिल्लीवाला विचारायचा, “सेठ, अस्पताल में हो क्या?” दोन-तीन सौदे असे हुकल्यावर शेठनं मुनीमाला वायर काढायला सांगितली. मुनीमानं ती तोडली, टोकांना नीट काळी टेप गुंडाळली, नि मला म्हणाला, “उघडी वायर ठेवू नये, करंट लागतो.” बघा, किती काळजी!

सुरक्षेचा म्हणून एक बोर्डबी होता. फ्लेक्सचा. त्यावर शेठ पिवळं हेल्मेट घालून हात जोडून उभे, वर मोठ्या अक्षरात ‘सुरक्षा प्रथम’, खाली शेठच्या मित्रमंडळाच्या शुभेच्छा. कशाच्या शुभेच्छा ते लिहिलेलं न्हाई. बोर्ड लावायचा कुठं, तर रस्त्यावरून दिसला पायजे म्हणून बोळीच्या तोंडाशी लावला. आता गेटमधून येणाऱ्याला लोडर दिसेना नि लोडरवाल्याला येणारा दिसेना. दोघांनाबी शेठ दिसायचे.

अशात आमचे गठ्ठे घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं कळवलं की कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्या, न्हाईतर माल घेणार न्हाई. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनीनंच एक तरुण साहेब पाठवला. पांढरा शर्ट, पायात जाड बूट, बोलणं पुण्याकडचं. पोरगा खरं सांगते चांगला होता. चहा घेण्याआधी यार्ड फिरला. थप्पी बघून म्हणाला, “पाच थर? तीनच्या वर एकही नको. आणि खालचा गठ्ठा ओला आहे, तो दबेल.” आरसा बघून म्हणाला, “हा वर का केलाय?” मुनीम म्हणाला, “पाखरं बसतात सर.” काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मुनीम काहीबी देतो.

मंग आमा सगळ्यांना गोळा केलं. कपाटातून सहा हेल्मेटं निघाली. त्यांच्यावरची प्लास्टिकची पिशवी अजून तशीच, नवेपणा जाईल म्हणून. चमकणारी जाकिटं निघाली. एक माझ्या अंगात घातलं, साडीवरून. त्यात माझा पदर आत अडकला तो अडकलाच. भासरे लोडरवर बसलेले नि मी उघड्या डोक्यानं उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पटकन एक हेल्मेट उचलून डोक्यावर बसवलं. साहेब खूश होऊन म्हणाले, “बघा, ताईंना सुरक्षेचं महत्त्व न सांगता कळलं!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंग ते मुद्द्यावर आले. “चालत्या वाहनाच्या मागं जायचं असेल तर एकच नियम. आधी चालकाशी नजरानजर. त्यानं तुमच्याकडं बघितलं, मान हलवली, तरच पाऊल उचलायचं. आणि चालकानंही मागच्या माणसाला बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मग आधी काय करायचं?”

नजरानजर म्हणल्यावर बाया पदरात तोंड घालून फिदीफिदी हसायला लागल्या.

“लाजायचं काय त्यात? चला, करून बघू.” साहेबांनी चारी बाजूंना बघितलं. “लोडरच्या सगळ्यात जवळ काम कोण करतं?”

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. भासऱ्यांनी नव्हे, बाकीच्यांनी.

“या ताई. इथं उभ्या राहा. काका, तुम्ही मागं वळा. आता दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघा.”

आई गं! मी माझ्या चपलेकडं बघून राहिले. चपलेचा अंगठा तुटायला आलाय, हे मला तवा कळलं. भासऱ्यांकडं मी बघितलं न्हाई, पण बायांनी नंतर सांगितलं की त्यांची मान अशी काही वाशिमकडं वळली होती की मोडते की काय असं वाटलं.

“ताई, वर बघा ना. काका, तुमची मान धरली आहे का?”

शेवटी मुनीम पुढं झाला. साहेबांच्या कानाशी जाऊन म्हणला, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणला, “सर, ते त्यांचे भासरे हायेत.”

“भासरे? म्हणजे सुपरवायझर का?”

मुनीमानं समजावलं. साहेबांनी ऐकलं. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, घाम पुसला, परत घातलं. पोरगं बिचारं काहीबी ऐकायच्या तयारीनं आलेलं, पण याच्या तयारीनं न्हाई. मंग म्हणाले, “मग यांची जागा बदला. किंवा त्यांची.” शेठ म्हणाले, “करतो ना सर, उद्याच करतो.” मंग पुढच्या सहांना हेल्मेटं घालून सगळ्यांचा फोटो झाला, साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, ते गेले, हेल्मेटं परत पिशवीत गेली. माझ्या जाकिटाची चेन बसली होती, ती निघेना. म्हणून ते तेवढं माझ्याकडं राहिलं, नि कामावर मी रोज तेच डोक्यातून चढवायची, पदर आत खोचून.

घरी येऊन जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या पाय चोळत होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंग एकदम गंभीर झाल्या. “हेल्मेट डोक्यावर असलं म्हणजे डोकं झाकलंच की,” त्या विचार करून म्हणाल्या. “ते पदरात धरायला हरकत न्हाई. पण नजर खालीच पायजे.”

“नि मशीन अंगावर आली तर?”

त्यावर त्या परत पाय चोळायला लागल्या. त्यांना काय कळत नव्हतं व्हय? त्या एवढंच म्हणाल्या, “माझे गुडघे तेवढे बरे होऊ दे.”

शेठचं उद्या काही उजाडलं न्हाई. माझी जागा तीच, बोळ तीच. उलट कंपनीचा माल वाढला म्हणून थप्पी सहाव्या थराला गेली. खालचा ओला गठ्ठा दबून पोटातून फुगला, त्याची एक तार तुटून बाहेर आली. थप्पी बोळीच्या बाजूला कलायला लागली. मी मुनीमाला म्हणले, “अवो, ती थप्पी बघा जरा.” मुनीम म्हणला, “तिला काही होत न्हाई. ट्रक आला की वरचे गठ्ठे जाणारच हायेत.” मंग मी शेजारच्या पत्र्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणले, “थप्पी कलली म्हणावं! त्या बाजूनं मशीन घालू नका म्हणावं!” भासरे लांब उभे होते. पत्र्यानं ऐकलं. भासऱ्यांनी ऐकलं का न्हाई, मला काय माहीत.

ट्रक आला तो दुपारी. ऊन असं की पत्र्याला हात लावावा तर फोड यावा. शेठ ऑफिसातून ओरडून राहिले, “चला, चला, आज गाडी निघाली पायजे!” भासरे एक गठ्ठा उचलून ट्रककडं नेऊन राहिले, मंग बोळीतून मागं येऊन राहिले. लोडरच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर होतं, ते ट्रकला अडकतं म्हणून शेठनं कधीच काढून टाकलेलं. सावलीला नुसती ताडपत्री. प्रेस चालू, ट्रकचं इंजिन चालू, कानात दुसरं काही शिरेना.

मी खरखर ऐकून पाटी टाकली नि बोळीच्या टोकाच्या भिंतीला चिकटले. लोडर मागं आला. येता येता त्याचं ढुंगण थप्पीच्या खालच्या फुगलेल्या गठ्ठ्याला लागलं. हळूच लागलं. पण वर बघितलं तर सगळ्यात वरचा गठ्ठा जागचा सरकलेला, नि त्याच्या खालीच ताडपत्री, नि ताडपत्रीखाली माझे भासरे. त्यांना वाटलं चाक खड्ड्यात अडकलं, त्यांनी अजून रेस दिली. खालचा गठ्ठा अजून दबला. वरचा अजून सरकला.

मागं वळून बघितलं असतं तर सगळं दिसलं असतं. पण मागं मी होते. म्हणून तो माणूस मागं बघेना.

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “अवो मुनीम, सांगा त्यांना!” मुनीम वजनकाट्यापाशी, कानाला फोन. जाऊबाई घरी, पायाला तेल लावून बसलेल्या. मंग मला हाक मारायची, तर कोणत्या शब्दानं? या माणसाला हाक मारायचा एकबी शब्द माझ्याकडं नव्हता. इतक्या वर्षांत कधी लागलाच न्हाई. नाव घ्यायचं न्हाई. भाऊजी ते न्हाईत, मामंजी ते न्हाईत. नि वर तो गठ्ठा अर्धा हवेत!

माझ्या माहेरी माझा भाऊ हाय. लहानपणी तो विहिरीच्या कडेला उभा राहायचा तवा मी ओरडायची, तेच बाहेर आलं.

“ए दादा! थांब! मागं बघ रे! थप्पी आली!”

काय आवाज होता तो! माझाच मला ओळखू आला न्हाई. भासऱ्यांची मान गरकन वळली. आमची नजरानजर झाली. घारे डोळे, माझ्या नवऱ्यासारखे. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हात वर केला. त्यांनी वर बघितलं नि पलीकडच्या बाजूनं उडी टाकली.

गठ्ठा बसला तो सीटवरच बसला. स्टिअरिंग वाकलं, ताडपत्रीच्या दांड्या मोडल्या, गठ्ठ्याच्या तारा तुटल्या नि सगळ्या बोळीभर बाटल्याच बाटल्या झाल्या. लोडरचं इंजिन आचके देऊन बंद पडलं. कुणीतरी प्रेस बंद केली. मी भिंतीला टेकून खाली बसले. माझा हात पदर शोधत होता. पदर जाकिटात. भासरे लोडरच्या पलीकडं जमिनीवर बसलेले, धुळीनं माखलेले, एका हाताचं कोपर सोललेलं. नि मान? वाशिमकडं.

शेठ धावत आले. आधी म्हणाले, “गठ्ठा फुटला का?” मंग म्हणाले, “लोडरला कितपत लागलं?” मंग त्यांनी चारी बाजूंना बघितलं नि म्हणाले, “ड्रायव्हर कुठाय?” माणूस बराबर तिसऱ्या नंबरावर आला, मी म्हणते आला तरी. तो जिता हाय म्हणल्यावर त्यांनी देवाला हात जोडले नि लगेच मुनीमाला फोटो काढायला लावला. मला नि भासऱ्यांना बोर्डाजवळ उभं केलं, मधे शेठ. फोटो त्या तरुण साहेबांना गेला, प्रशिक्षणाचा असा असा फायदा झाला म्हणून. साहेबांनी लगेच फोन केला. माणूस बरा हाय का, हे त्यांनी पहिलं विचारलं, नि थप्पी तीन थरांवर आणली का, हे दुसरं. शेठनी पहिल्याचं उत्तर दिलं नि रेंज गेली म्हणून फोन ठेवला.

बाकी यार्डात थप्पीचं कुणी काही बोलेना. हॉर्नच्या वायरीचं तर नावच न्हाई. सगळ्यांच्या तोंडी एकच. “भासऱ्याला अरे म्हणाली!” एक बाई दुसरीला सांगून राहिली, “दादा म्हणाली ते ठीक हाय, पण ‘बघ रे’?” मुनीम म्हणला, “निदान ‘बघा’ तरी म्हणायचं.” मी म्हणले, “पुढच्या खेपेला तुमच्यावर गठ्ठा येऊ दे, मी ‘कृपया बघावे’ म्हणीन.” त्यावर तो परत फोन कानाला लावून निघाला.

बातमी माझ्या आधी घरी पोचली. मी दारात पाऊल टाकलं तर जाऊबाई भिंतीला धरून उभ्या. त्यांना उभं राहायला मनाई होती. सासू वारल्यापासून मला रागावणारं घरात तेवढं एकच माणूस.

“माझ्या नवऱ्याला अरे म्हणालीस म्हणं.”

“व्हय बाई.”

“मोठ्यानं?”

“व्हय.”

त्या माझ्याकडं बघून राहिल्या. मंग त्यांचा चेहराच बदलला. मला जवळ ओढून त्यांनी असा हंबरडा फोडला की शेजारीपाजारी गोळा झाले. “बरं केलंस गं,” त्या रडता रडता म्हणाल्या. “बरं केलंस. मला कुंकवासगट ठेवलंस.” मीबी रडले. तवर मला रडूच आलं नव्हतं. माझा नवरा मोंढ्यातून पिवळा होऊन आला, आमी दोघी गळ्यात पडून रडताना बघून दारातच खाली बसला, त्याला वाटलं भाऊ गेला.

त्या संध्याकाळी भासरे आले, ते उंबऱ्याशी थांबून दोनदा खाकरले. मी आत गेले. आता एवढं झाल्यावर कशाला, असं तुमाला वाटंल. मलाबी वाटलं. पण पाय गेलेच आतल्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी यार्डात गेले तर थप्पी तशीच. एक थर कमी, तोबी पडला म्हणून. लोडर बोळीत मेल्यासारखा उभा. मिस्त्री आलेला, तो म्हणाला मशीन बाहेर काढल्याशिवाय हात लावता येत न्हाई, बॅटरी गेलीये, ढकलूनच मागं घ्यावी लागंल. त्यात लाईट गेली. प्रेस बंद, ट्रक न्हाई. यार्डात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर कुणीतरी भांडी घासत होतं तेबी ऐकू येऊन राहिलं होतं.

सगळे बाप्ये लोडरच्या पुढून ढकलायला लागले. भासरे मोडक्या सीटवर पोतं टाकून बसले, हात ब्रेकवर, मान नेहमीच्या जागी. मी मागं खाली वाकून सांडलेल्या बाटल्या गोळा करत होते. मिस्त्री म्हणाला, “सोडा ब्रेक!”

नि भासरे खाकरले. दोनदा.

उंबऱ्याशी खाकरतात अगदी तसं. आधी एकदा, जरा थांबून दुसऱ्यांदा. माझा हात आपोआप पदराला गेला नि पाय आपोआप बाजूला झाले. बाजूला झाल्यावर मला कळलं, काय झालं ते. मी तशीच उभी राहिले, हातात दोन बाटल्या.

अगं बाई! म्हणजे हा माणूस रोज खाकरत होता. रिव्हर्स टाकायच्या आधी, प्रत्येक खेपेला, न चुकता, दोनदा. इंजिनाच्या नि प्रेसच्या त्या गोंगाटात बसून, आभाळाकडं केलेल्या आरशाशेजारी, वाशिमकडं बघत, मला वर्दी देऊन राहिला होता. रीत पाळून माझा जीव सांभाळायला त्याच्याकडं तेवढंच होतं. नि खाली बसून मी त्याला मुका म्हणून राहिले होते, शिव्याशाप देऊन राहिले होते. शेठनं पीं पीं बंद केलं तेवढं मला माहीत होतं. हे खाकरणं बंद झालंच नव्हतं, ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

माझ्या डोळ्यांना धार लागली. मिस्त्री परत ओरडला, “काका, सोडा की ब्रेक! बायांनो, मागून हटा!”

भासरे ब्रेक सोडेनात. ते थांबून राहिले होते. मंग परत एकदा खाकरले.

मी पदर जाकिटातून ओढून काढला, डोक्यावर घेतला. मंग मान वर केली नि ना जाऊबाईंना, ना मुनीमाला, ना पत्र्याला, सरळ त्यांनाच म्हणले, “आलं ऐकू, दादा. मी बाजूला हाय. या मागं.”

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, मान हलवली, नि मंगच ब्रेक सोडला.